गिरणगावच्या शेजारणी

आज आपण मुंबईतल्या एका वस्तीबद्दल बोलणार आहोत. तिचं नाव गिरणगाव. या नावाचं रेल्वे स्टेशन नाही. लालबाग, परळ, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी, प्रभादेवी, शिवडी, नायगाव हा सगळा पट्टा म्हणजे गिरणगाव. आपल्या पाटण, जावळी, खटाव, माण भागातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिथं राहून आलेलं आहे.

गेल्या काही महिन्यांत गटाची बैठक संपली, की मी तिथं संसार केलेल्या चौघी आजींना थांबवून घेत होते. त्यातल्या दोघी एकाच चाळीतल्या, एकाच माळ्यावरच्या. एकटीला विचारलं तर आजी म्हणायची, "काय सांगायचं बाई, दिवस काढले." दोघी समोरासमोर बसल्या की मात्र एक सांगणार, नळाला पाणी पहाटे चारला यायचं. दुसरी म्हणणार, चारला कुठलं, साडेतीनला हंडे लागायचे, तू झोपलेली असायचीस. शेजारीण सोबत असली की आठवणीला धार येते आणि चुकलेलं दुरुस्तही होतं.

आधी थोडा इतिहास. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवची ती गिरणी चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. त्यांच्यासाठी चाळी उठल्या. १९२०च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. त्यातली खोली साधारण १६० चौरस फुटांची. आपली बैठक भरते ती समाजमंदिराची ओसरीसुद्धा त्याहून मोठी असेल.

अशा खोलीत एक कुटुंब, शिवाय गावाकडचा दीर, भाचा, मेहुणा. काही खोल्या गावकऱ्यांच्या गाळ्याच्या. एका गावची माणसं मिळून भाडं भरायची. भिंतीला ट्रंका, वर वळकट्या. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. बाकीचा संसार गॅलरीत. आजी सांगतात, पोर कुणाच्या दारात जेवलं याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर नवऱ्याला कामावरून बोलवायच्या आधी शेजारीण आलेली असायची.

पण सगळं गोड होतं असं समजू नका. जात गावातून मुंबईला गेली होती. खोल्या बऱ्याचदा जातवार आणि गाववार असायच्या. गिरणीतल्या साचाखात्यात, म्हणजे मागावर, पगार चांगला होता. तिथं धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे विटाळाचं कारण सांगून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः बरीच वर्षं परळच्या चाळीत राहिले होते. १९२८च्या संपाच्या वेळी त्यांनी हा प्रश्न लावून धरला. चौघींतल्या एक आजी बौद्ध वस्तीतल्या आहेत. नळाच्या गप्पा रंगल्या तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा नळ वेगळा होता गं." मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. तेही मी वहीत लिहून ठेवलं आहे.

आता बायांच्या कामाबद्दल. गिरणी म्हटलं की आपल्याला पुरुष दिसतात. पण एके काळी गिरण्यांत हजारो बाया कामाला होत्या, विशेषतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. उषाबाई डांगे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी या बायांना संघटित केलं. मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. पुढे यंत्रं बदलली, कामं कमी झाली, आणि सगळ्यात आधी बायांना घरी बसवलं गेलं.

घरी बसलेली बाई मात्र बसून राहिली नाही. तिने खानावळ चालवली. गावाकडून एकटा आलेला कामगार महिन्याच्या बोलीवर तिच्याकडे जेवायचा. एकेका बाईकडे दहा, पंधरा, वीस माणसं. तीन पाळ्या म्हणजे चूल तीनदा. पहाटे भाकरी, दुपारी डबे, रात्री पुन्हा ताटं. पैसे यायचे पगार झाल्यावर. वाणी मात्र आज पैसे मागायचा. मग सावकाराकडे मंगळसूत्र गहाण, त्याचं व्याज चढतंय, आणि पगार झाला की आधी व्याज चुकतं करायचं. हे चक्र आपल्याला नवीन नाही. गट निघायच्या आधी आपल्याही गावात हेच होतं.

गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि नंतर गिरणगावात कामगारांत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिलं. संपात पगार थांबायचे, तरी या बाया उधारीवर माणसांना जेवू घालायच्या. म्हणजे संप त्यांच्याही चुलीवर चालायचा. १९७५ साली प्रेमाताईंनी खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पहिल्या गटातल्या चौदा जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. जमीन नाही, घर नावावर नाही, तरी बँकेने पैसे दिले, कारण एकीच्या हप्त्याला बाकीच्या जामीन होत्या. आज आपण बचत गटाचं कर्ज उचलतो तेव्हा सगळ्यांच्या सह्या का घेतो, याचं उत्तर तिथं आहे. शेजारणीला शेजारणीची नियत माहीत असते.

मग आला १९८२चा संप. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली साठाहून अधिक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप वर्ष उलटलं तरी मिटला नाही. माणसं गावाकडे परतली. कुणी शेती धरली, कुणी रोजगार हमीवर गेलं. आमच्या आजी सांगतात, खानावळीची माणसं गावी निघून गेली ती उधारी ठेवूनच. काहींनी पुढे गावातून तांदूळ, कडधान्य पाठवून ती फेडली. काहींची वहीतच राहिली. शेजारही फुटला. एक माळा सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी असा विखुरला.

गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाच्या सोडतीतून घरं द्यायचं ठरलं, तेव्हा गिरणीत काम केल्याचे पुरावे मागितले गेले. ओळखपत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा कागद. ज्यांनी ते ट्रंकेत जपले त्यांना अर्ज करता आला. खानावळवाल्या बाईने कुठला कागद दाखवायचा? तिला तिकीट नंबर नव्हता, हजेरी नव्हती, ग्रॅच्युइटी नव्हती. वीस वर्षं वीस माणसांना जेवू घातल्याची तिची साक्ष एकच, शेजारच्या खोलीतली बाई.

म्हणून या गप्पांना नुसता विरंगुळा समजू नका. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांशी बोलून, त्यांच्याच शब्दांत या भागाचा इतिहास पुस्तकात मांडला. ते पुस्तक २००४ साली आलं. आपल्यालाही आपल्या गावापुरतं हे काम जमेल. त्याला पैसा लागत नाही.

एवढं करा. मुंबईला राहून आलेल्या दोघीतिघींना एकत्र बसवा. "कसं होतं?" असं मोघम विचारू नका. खोलीत किती माणसं होती, पाणी कधी यायचं, भाकरी किती थापायचात, दागिना कितीदा गहाण पडला, कुणाच्या दारात जायला मनाई होती, हे विचारा. दोघींचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. सांगणारीची परवानगी घ्या आणि घरातलं नाजूक बोलणं वहीत आणू नका. ट्रंकेतले जुने कागद टाकून देऊ नका, त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा.

गटाच्या नोंदवहीत आपण हप्ते लिहितो, व्याज लिहितो. येत्या बैठकीत त्याच वहीच्या मागच्या पानावर एका आजीचं नाव लिहा आणि पुढे लिहा, खानावळ, इतकी माणसं, इतकी वर्षं. खाली तिच्या शेजारणीची सही किंवा अंगठा घ्या.