राखेतलं बी

इतिहास म्हटला की आमच्या बागलाणात साल्हेर-मुल्हेरचे किल्ले आठवतात. शाळेत मीही तेच शिकलो, दहावीपर्यंत. पण आमच्या घरचा इतिहास एका मडक्यात होता. ते मडकं मायचं.

सटाण्याजवळ आमचं घर. मागे दीडेक गुंठ्याचा परस. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी चारीने तिकडे जाई. मृगाचा पाऊस झाला की माय कुडाच्या कडेने गिलके, दोडके, डांगर आणि वाल टोची. मध्ये गवार, मिरची, वांगी. दारापुढे झेंडू. सगळी एका सालाची लागवड. आंबा लावला तर नातवाला पुरतो. यांचं तसं नाही. उगवायचं, फळायचं, बी देऊन वाळून जायचं. यांचा वंश राखणाऱ्याच्या हातात.

माय राखायची कशी? जोमदार वेलावरचं चांगलं फळ ती तोडू देत नसे. त्याला चिंधी बांधे, म्हणजे आम्हा पोरांना खूण. गिलकं वेलावरच खडखडीत वाळलं की बियांसकट आढ्याला टांगायचं. डांगराचं बी शेणाच्या गोवरीवर थापायचं. वाल उन्हात वाळवून चुलीच्या राखेत कालवायचा आणि मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपायचं. राख ओल शोषून घेते, किडा लागत नाही.

१९७२ साली पाऊस गेला. मी बारा वर्षांचा. विहीर आटली, न्हाणीचं पाणी बंद, परस उघडा पडला. माय आणि बाबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळे, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. एका दुपारी मी आणि अक्काने मडकं उतरवलं आणि वाल तव्यावर भाजून खाल्ला. संध्याकाळी मायने पाहिलं. मारलं नाही. एवढंच म्हणाली, "बी खाई टाकं तं पुढला साल काय पेरशी?" तळाशी मूठभर उरला होता. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. मुठीतले वेल मांडवावर चढले, जांभळ्या काठाच्या शेंगांनी लगडले. बी धरल्यावर मायने गल्लीत घरोघर वाटीवाटी वाटलं. मला राग आला. आपल्यालाच पुरत नाही, अन् वाटायचं कशाला? तिने देवमामलेदारांचं नाव घेतलं. १८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव महाराज सटाण्याचे मामलेदार होते. त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. माय म्हणाली, वाटलेलं बुडत नाही.

पुढे पाकिटातलं बी आलं. हायब्रीडने पीक वाढवलं, भूक भागवली, हे नाकारू नये. पण त्याचं बी धरून पेरलं की दुसऱ्या साली झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दरसाल पाकीट. मी डाळिंबाच्या मागे लागलो. माय गेली. जुनं घर पाडून स्लॅब टाकला तेव्हा मडकं फुटलं, राखेसकट उकिरड्यावर गेलं. मीच टाकलं.

मग डाळिंबावर तेल्या आला. बाग उपटावी लागली आणि भाजीसुद्धा उधारीवर आणायची वेळ आली. शेतकऱ्याच्या घरात! तेव्हा परस आठवला आणि जांभळ्या काठाचा वालही. गल्लीत विचारलं, सगळ्यांकडे पाकिटंच. शेवटी कळवण तालुक्यात अक्काकडे गेलो. तिने डब्यातून पुरचुंडी काढली. लग्नात मायने ओटीत बांधून दिलेलं बी ती दरसाल पेरत आली होती. तिने नऊ दाणे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "आता भाजू नको." दोघंही हसलो. मग दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

बी असंच हातोहात फिरतं. दसऱ्याचा झेंडू आणि ठेच्यातली मिरची मुळात अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे गेला १४९२ साली. मिरची पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली आणि आज तिच्यावाचून आपला घास उतरत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाण जपले, वाटले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा हक्क दिला आहे.

नऊपैकी सात दाणे उगवले. यंदा मी पाच घरी वाटी दिली. मडकं नवं आहे, राख मात्र विकत मिळत नाही. शेजारी चूल पेटते, तिथून मागून आणतो.