सेवाग्रामचे पाहुणे

ऑगस्ट 1949 मध्ये सोव्हिएत रशियाने पहिला अणुस्फोट केला, ऑक्टोबरात चीनमध्ये माओंची सत्ता आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशोदेशीचे शांतिवादी वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला जमले. जागतिक शांतिवादी परिषदेचा पहिला टप्पा शांतिनिकेतनात झाला होता, नाताळाच्या सुमाराचा दुसरा इथे. खरे तर पाहुण्यांना गांधीजींशीच बोलायचे होते. पण 30 जानेवारी 1948 च्या गांधीहत्येने ते अशक्य केले.

इंग्लंडच्या लेखिका व्हेरा ब्रिटन आल्या होत्या. पहिल्या महायुद्धाने त्यांचा भाऊ आणि वाग्दत्त वर दोघेही नेले होते. अमेरिकेतून ए. जे. मस्ट आले. जग वॉशिंग्टन आणि मॉस्कोकडे डोळे लावून बसले असताना ही मंडळी कुडाच्या भिंतींच्या, कौलारू कुट्यांच्या आश्रमात आली. वर्तमानपत्री हिशेबात त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही; शीतयुद्ध काही थांबले नाही.

पण मस्ट ज्या ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या शांतिवादी संस्थेचे तेव्हा कार्यकारी सचिव होते, त्याच संस्थेने 1957 च्या अखेरीस सोळा पानांचे एक चित्रकथेचे पुस्तक काढले. किंमत दहा सेंट. विषय मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरी शहरातला वर्णभेदाविरुद्धचा बस-बहिष्कार. आत गांधीजींची गोष्टही होती. सुपरमॅनच्या चित्रकथा वाचणाऱ्या देशात सत्याग्रह असा रंगीत पानांतून पोचला. पुढे नागरी हक्क चळवळीत नाव कमावणारे जॉन लुईस यांनी ते तरुणपणी वाचले आणि कित्येक वर्षांनी ‘मार्च’ ही स्वतःची चित्रकादंबरी केली.