कोयनेच्या खोऱ्यांतील अरण्य व गांवकऱ्यांचे जुने हक्क

कोयनेचें खोरें व वारणेच्या उगमाकडील चांदोलीचा प्रदेश मिळून इ. स. २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. त्याचें क्षेत्र सुमारें ११६५ चौरस किलोमीटर असून सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तें पसरलें आहे. विदर्भांतील ताडोबा व पेंच येथून वाघ आणून या रानांत सोडण्याच्या योजनेस २०२५ सालीं संमति मिळाली. क्षीण झालेलें रान पुन्हा भरावें हा हेतु स्तुत्य आहे व त्याविषयीं वाद घालण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. तथापि या प्रदेशास ‘मनुष्याचा हात न लागलेलें आदिम अरण्य’ म्हणण्याचा जो प्रघात पडत चालला आहे, तो इतिहासास धरून नाहीं. हा प्रश्न केवळ शब्दांचा असता तर तो वैयाकरणांवर सोपवितां आला असता; परंतु अनेक कुटुंबांचे जमिनीवरील व रानावरील हक्क त्यांत गुंतले आहेत. सबब उपलब्ध साधनांच्या आधारें त्याचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम ‘अरण्य’ शब्द घेऊं. यास्कानें निरुक्तांत याची व्युत्पत्ति देतांना गांवापासून दूर गेलेलें, अथवा जेथें मन रमत नाहीं असें, हे दोन अर्थ सुचविले आहेत. पहिल्या अर्थीं अरण्य हें गांवाच्या अपेक्षेनेंच अरण्य ठरतें. गांवच नसेल तर अरण्यही नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत ‘भूमिच्छिद्रविधान’ नांवाचें प्रकरण आहे. शेतीस निरुपयोगी अशा भूमीची व्यवस्था कशी लावावी हें तेथें सांगितलें असून गुरांसाठीं कुरणें, तपस्व्यांसाठीं अभय दिलेलीं तपोवनें, राजाच्या विहारासाठीं मृगवन, लांकूड इत्यादि द्रव्यांसाठीं द्रव्यवन आणि राज्याच्या सीमेवर हस्तिवन असे विभाग पाडिले आहेत. हस्तिवनांत हत्ती मारणारास देहांत शासन आहे. यावरून राखलेलें रान ही कल्पना आमच्याकडे अर्वाचीन नव्हे हें उघड होतें. परंतु तितकेंच उघड हेंही आहे कीं, या प्रत्येक वनाला कोणी तरी धनी व कांहीं तरी प्रयोजन होतें. आणि राजाचें वन कोणतें व गुरांचें कोणतें हें ठरविण्यांतच कलहाचें बीज होतें.

आतां प्रस्तुत खोऱ्याकडे वळूं. कोयनेच्या वरच्या अंगास जावळीचा मुलूख आहे. मोऱ्यांकडून तो शिवाजी महाराजांनीं १६५६ सालीं घेतला व तेथील निबिड झाडीचा उपयोग १६५९ सालीं अफझलखानाच्या प्रसंगीं कसा झाला हें सर्वश्रुत आहे. आज व्याघ्रप्रकल्पांत असलेले वासोटा, भैरवगड व प्रचितगड हे किल्ले याच अरण्यांत नांदते होते. किल्ला म्हटला म्हणजे शिबंदी आली, तिला धान्य पुरविणारीं गांवें आलीं, घाटवाटा व त्यांवरील राबता आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडाभोंवतींच्या झाडीचें रक्षण करण्याविषयीं उपदेश आहे. आरमारासाठीं लांकूड घेतांना रयतेचीं आंब्याफणसांचीं झाडें तोडूं नयेत, कारण तीं लोकांनीं दीर्घ काळ जोपासलेलीं असतात; जीर्ण झाड घ्यावयाचें तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असाही त्याचा आशय आहे. हा उतारा पुष्कळदां शिवाजी महाराजांचें आज्ञापत्र म्हणून छापला जातो. वास्तविक हा ग्रंथ कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या आज्ञेनें इ. स. १७१५ च्या सुमारास रचिला गेला. त्याचा कर्ता शिवकालांत अधिकारपदावर होता, म्हणून त्यांत थोरल्या महाराजांच्या धोरणाचें प्रतिबिंब असणें संभवनीय आहे; परंतु संभव व प्रमाण यांतील भेद संशोधकानें सोडूं नये. आमच्या विषयापुरतें महत्त्वाचें इतकेंच कीं, राज्यास रान हवें असतांही रानांत रयतेची मालकी असूं शकते हें या ग्रंथानें गृहीत धरिलें आहे.

इंग्रजी अमलांत हें गृहीतकृत्य बदललें. मुंबई इलाख्यांत १८४७ सालीं गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६४ सालीं अखिल हिंदुस्थानासाठीं जंगलखातें निघालें. १८६५ व १८७८ सालीं कायदे झाले. सातारचें राज्य १८४८ सालींच खालसा झालें होतें. १८७८ च्या कायद्यानें राखीव, संरक्षित व गांवचें असे जंगलाचे तीन वर्ग केले. राखीव जंगलांत जें स्पष्टपणें दिलेलें नाहीं तें निषिद्ध ठरलें. डोंगरउतारावरील कुमरी, भाताच्या रोपासाठीं राबाचा पाला, गुरांची चराई, सरपण या नित्याच्या गोष्टींस एकतर परवाना लागूं लागला किंवा दंड. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ग्रंथांत या खात्याविरुद्ध कठोर तक्रार केली आहे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत ओरड इतकी वाढली कीं १८८५ सालीं सरकारास चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. पुढें १९३० सालीं जंगल-सत्याग्रह झाला. कुलाबा जिल्ह्यांत चिरनेर येथें २५ सप्टेंबर रोजीं गोळीबार होऊन माणसें मेलीं, आणि वारणेच्या बाजूस बिळाशी येथेंही लोकांनीं जंगलचा कायदा मोडला.

स्वराज्यानंतर कोयनेच्या धरणाचें पाणी शिवसागर नांवानें पसरलें व तळच्या सुपीक जमिनी बुडाल्या. १९८५ सालीं कोयना व चांदोली हीं अभयारण्यें झालीं. २००४ सालीं चांदोली राष्ट्रीय उद्यान झालें. गांवें उठलीं, शेतांवर गवत व झुडपें वाढलीं. तेव्हां जें आज निर्जन दिसतें तें निर्जन होतें असें नव्हे, निर्जन केलें गेलें आहे. याचा अर्थ जुनी वहिवाट सर्वथा निर्दोष होती असाही नाहीं. कुमरीनें डोंगर उघडे पडत व गुरांची संख्या वाढली म्हणजे रानास उसंत मिळत नसे. वाघास तर निवांत व विस्तीर्ण प्रदेश अवश्य आहे. परंतु कोणाचा हक्क संपवावयाचा तर आधीं तो हक्क होता हें मान्य केलें पाहिजे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें हेंच तत्त्व स्वीकारिलें आहे. वन्य प्राण्यांच्या अत्यावश्यक अधिवासांतून लोकांस हलविण्यापूर्वीं त्यांचे हक्क निश्चित व्हावे व ग्रामसभेची संमति लेखी असावी, असें तो सांगतो. मात्र अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या वननिवासीयांस १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, त्या रानाच्या आश्रयानें राहिल्याचें सिद्ध करावें लागतें. या खोऱ्यांतील गवळी धनगर व कुणबी याच वर्गांत येतात. मुदत मोजली असतां ती १९३० च्या डिसेंबरांत, म्हणजे जंगल-सत्याग्रहाच्याच सालांत पडते. पुराव्यांत संस्थानी दप्तरें, नकाशे, गॅझेटियरें, तसेंच विहिरी, स्मशानें व देवस्थानें हीं ग्राह्य मानिलीं आहेत. तेव्हां जंगलगुन्ह्यांच्या ज्या नोंदींनीं या लोकांच्या पूर्वजांस एके काळीं दंड झाला, त्याच नोंदी ते तेथें राहत होते याची आज साक्ष देऊं शकतील.

येथें संशोधकांचें कर्तव्य उत्पन्न होतें. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि ज्यास हक्क सिद्ध करावयाचा त्या गुराख्यास मोडी येत नाहीं. जावळी, पाटण व शिराळा या तालुक्यांतील ज्या वाचकांच्या घरीं चराई, कुमरी, देवराई अथवा इनाम यांविषयींचे कागद असतील त्यांनीं त्यांच्या नकला करून ठेवाव्या; ज्यांस मोडी येते त्यांनीं तीं बाळबोधींत उतरून ज्याच्या त्याच्या ग्रामसभेस द्यावीं. उठलेल्या गांवांच्या विहिरी, वीरगळ व देवळें यांची टिपणेंही झाडी वाढून तीं दिसेनाशीं होण्यापूर्वीं झालीं पाहिजेत. वाघ परत येत आहे ही आनंदाची गोष्ट होय. तो ज्या रानांत येत आहे त्याचे पूर्वीचे राखणदार कोण होते, हें कागदावर राहिलें म्हणजे पुरे.