तळटीप १७ : ‘कोटीतीर्थाच्या काठी’

१७. कोटीतीर्थ हे कोल्हापुरातील तळे. शाहू महाराजांच्या दरबारातील चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) याच्याच काठी राहत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आबालालांनी कोटीतीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. युरोपातील ग्रामीण निसर्गचित्रांत कुरणे आणि गाई-मेंढ्यांना मान. कोल्हापूरच्या चित्रकाराला तसा विषय शोधायला लांब जावे लागत नसे, इथे म्हशी तळ्यातच डुंबत. डुंबणाऱ्या म्हशीची शिंगे, नाकपुड्या आणि पाठीची कड एवढेच पाण्यावर दिसते. ओल्या पाठीवरची चमक पारदर्शक जलरंगात पांढऱ्या रंगाने काढत नाहीत. तेवढा कागद कोरा सोडतात. मात्र अशा चित्रांतील निवांतपणावरून त्या काळचा शेतकरी सुखात होता, असे समजू नये. कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटात कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी दाखवला. ती भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. – संपा.