ग्राफिक्स कार्ड बदलताना एसएमपीएसच्या केबल: कोणती चालते, कोणती अजिबात नाही

श्रीरामपूरला माझा मामेभाऊ लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. डाविंची रिझॉल्व्हवर काम, फुटेज फोरके आणि मशीन जुनं. लग्नाचा सीझन सुरू होता होता त्याने आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं. जुन्या ४५० वॅटच्या एसएमपीएसला कार्डासाठी एकच ६ पिनचा प्लग होता, म्हणून सोबत दुसऱ्या कंपनीचा ६५० वॅटचा एसएमपीएसही आणला. मी पुण्यात, तो फोनवर.

“दादा, हार्ड डिस्कची केबल मागून झिप टायने बांधलीय. तीच राहू देऊ का? नव्या एसएमपीएसमध्ये बसतेय बरोबर.”

मी ऑफिसच्या कामात होतो. म्हणालो, “राहू दे रे, सगळ्या सारख्याच असतात.”

त्या सारख्या नसतात. बटण दाबल्यावर मशीन सुरू झालंच नाही, वर कॅबिनेटमधून जळका वास आला. ग्राफिक्स कार्ड वाचलं, मदरबोर्ड वाचला. गेली ती ४ टीबीची हार्ड डिस्क. तिच्यात दोन लग्नांचं फुटेज होतं आणि कॅमेऱ्याची कार्डं तोवर फॉरमॅट झालेली. कोणाचंही लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

इंजिनिअरिंगची डिग्री असूनही मला हे माहीत नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

कार्डाला वीज कुठून येते?

ग्राफिक्स कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. पहिली वाट म्हणजे मदरबोर्डचा पीसीआयई स्लॉट. त्यातून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागली तर एसएमपीएसमधून थेट केबल लावावी लागते. या केबलच्या प्लगचे आकार आणि क्षमता ठरलेल्या आहेत:

- ६ पिनचा पीसीआयई प्लग: ७५ वॅट
- ८ पिनचा पीसीआयई प्लग: १५० वॅट
- १६ पिनचा नवा प्लग: ६०० वॅटपर्यंत

आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. बहुतेक मॉडेलवर ८ पिनचं एक सॉकेट असतं. स्लॉटचे ७५ आणि प्लगचे १५० मिळून २२५ झाले, म्हणजे भागलं. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात, तिथेही ८ पिनचा एक प्लग पुरतो. जीटीएक्स १६५० च्या बऱ्याच मॉडेलना वेगळी केबल लागतच नाही, कारण ते कार्ड ७५ वॅटमध्ये चालतं. ऑफिसमधून निघालेले जुने ब्रँडेड कॉम्प्युटर घेऊन त्यात कार्ड टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यांच्या एसएमपीएसला बहुतेकदा पीसीआयई प्लग नसतोच.

८ पिनचे दोन प्लग, दिसायला भाऊ

एसएमपीएसमधून ८ पिनचे दोन वेगळे प्लग येतात. एक प्रोसेसरसाठी मदरबोर्डला लागतो, दुसरा ग्राफिक्स कार्डाला. घाईत बघितलं तर दोन्ही एकच वाटतात, पण त्यांची जोडणी जवळजवळ उलटी आहे. सीपीयूच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या चार वायर असतात आणि त्या लॉकच्या खिट्टीच्या बाजूला असतात. पीसीआयईच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीनच वायर असतात आणि त्या खिट्टीच्या विरुद्ध बाजूला. एकाच्या जागी दुसरा बसवला तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतात, म्हणजे शॉर्ट.

ओळखायचे कसे? पीसीआयईचा प्लग बहुधा ६ अधिक २ असा तुटतो, सीपीयूचा ४ अधिक ४ असा. प्लगवर नावही छापलेलं असतं. पिनांचे चौकोनी आणि कडा कापलेले आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत, त्यामुळे चुकीचा प्लग सहज जात नाही. प्लग अडकतोय असं वाटलं तर जोर लावू नका. थांबा आणि वाचा.

खरी गोम एसएमपीएसच्या बाजूला

काही एसएमपीएसच्या सगळ्या केबल आतून कायमच्या जोडलेल्या असतात. तिथे हा घोळ होऊच शकत नाही. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल सुट्या असतात, तर सेमी-मॉड्युलरमध्ये मुख्य केबल कायमच्या आणि बाकीच्या सुट्या.

सुट्या केबलला दोन टोकं असतात. कार्ड किंवा हार्ड डिस्ककडच्या टोकाला स्टँडर्ड आहे. कुठल्याही कंपनीचं घ्या, पिनांचा क्रम तोच. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असं कुठलंही सर्वमान्य स्टँडर्ड नाही. तिथे कुठल्या पिनवर १२ व्होल्ट, कुठे ५, कुठे ग्राउंड हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन सिरीजमध्येही क्रम वेगळा असू शकतो. प्लास्टिकचे प्लग मात्र बाजारात तेच ते मिळतात, त्यामुळे केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्येही टक्कन बसते.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. जुन्या केबलमुळे हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या वायरवर १२ व्होल्ट गेले. ग्राफिक्स कार्डाला नव्या एसएमपीएससोबत आलेली केबल लावली होती, म्हणून ते वाचलं.

नियम एकच: एसएमपीएस बदलला की केबलही सगळ्या बदलायच्या. कितीही सुबक बांधलेल्या असल्या तरी.

काही एसएमपीएसवर एकाच सॉकेटवर सीपीयू आणि पीसीआयई अशी दोन्ही नावं असतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिथे फरक केबलमध्येच केलेला असतो, म्हणून त्याच एसएमपीएसची योग्य केबल लावायची.

अ‍ॅडॅप्टर चालेल का?

सॅटा टू ६ पिन अ‍ॅडॅप्टर स्वस्तात मिळतो. तो घेऊ नका. सॅटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्यातून ७५ वॅट ओढायला गेलात तर प्लग तापतो, वितळतो. एसएमपीएसला पीसीआयई प्लगच नसेल तर तो एसएमपीएस त्या कार्डासाठी नाही, असं समजा.

एकाच केबलला ८ पिनचे दोन प्लग असले आणि कार्डालाही दोन लागत असले, तर शक्यतो दोन स्वतंत्र केबल ओढा. एकाच केबलवर सगळा भार टाकू नका.

१६ पिनचा प्लग

हा प्लग २०२२ मध्ये एटीएक्स ३.० सोबत आला. त्यात १२ व्होल्टच्या सहा पिना, ग्राउंडच्या सहा आणि चार बारीक सेन्स पिना असतात. या सेन्स पिना केबल किती वॅट देऊ शकते ते कार्डाला सांगतात. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, प्रत्येक पिनवर आठ अँपिअरच्या वर. त्यामुळे चुकीला जागा फार कमी राहते.

आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर काही ग्राहकांचे हे प्लग वितळले. प्लग पूर्ण आत बसला नव्हता हे एनव्हिडियाने त्याचं मुख्य कारण सांगितलं. पुढे प्लगचं सॉकेट सुधारलं: सेन्स पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाने वीज ओढूच नये. तरी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० बाबतही प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या. म्हणून प्लग टोकापर्यंत दाबा, फट राहिली नाही ना ते टॉर्च मारून बघा आणि प्लगपासून साधारण ३५ मिलिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. अशा कार्डासोबत ८ पिनवरून १६ पिनवर नेणारी केबल बॉक्समध्ये आलेली असेल, तर तिची सगळी तोंडं जोडा, एकही रिकामं सोडू नका.

केबल हरवली असेल तर

सेकंड हँड एसएमपीएस बऱ्याचदा केबलशिवाय मिळतो. आधी त्याच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर वाचा आणि त्याच मॉडेलसाठी असलेली केबल मागवा. “सेम टू सेम आहे” या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. तालुक्याच्या दुकानात काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय.

केबलची खात्री नसेल तर मल्टिमीटरने तपासून घ्या. त्या वेळी कार्ड, डिस्क, मदरबोर्ड सगळं काढलेलं हवं. २४ पिनच्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस एकटा सुरू होतो. मग केबलच्या टोकाला योग्य पिनवर योग्य व्होल्ट येतात का ते मोजायचं. स्वतः कधी केलं नसेल तर रिपेअरिंगवाल्याकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. लाईट बंद केल्यावरही आत चार्ज राहतो.

कार्ड घेण्याआधी, याच क्रमाने

१. कार्डाला किती वॅट लागतात आणि वर कुठली सॉकेट आहेत ते बघा.
२. कंपनीने किमान किती वॅटचा एसएमपीएस सांगितलाय ते बघा. आरटीएक्स ३०६० साठी ५५० आहे.
३. आपल्या एसएमपीएसला तेवढे पीसीआयई प्लग आहेत का ते मोजा.
४. सुटी केबल असेल तर ती याच एसएमपीएसची आहे का ते तपासा.
५. पहिल्यांदा सुरू करताना डेटाच्या डिस्क काढून ठेवा. आधी बॅकअप घ्या.

पाचवा मुद्दा आम्ही पाळला असता तर पुढची धावपळ झाली नसती. हार्ड डिस्कच्या सर्किटवर जादा व्होल्टेज आलं तर स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा भाग वाचवणारा एक छोटा डायोड असतो. पुण्यातल्या एका कारागिराने तो काढला आणि डिस्क फिरली. दोन्ही लग्नांचं फुटेज मिळालं. डायोडच्या पुढे काही जळलं असतं तर काम कितीतरी कठीण झालं असतं.

आता मामेभावाच्या दुकानात प्रत्येक एसएमपीएसच्या उरलेल्या केबल वेगळ्या पिशवीत असतात आणि पिशवीवर मार्करने मॉडेल नंबर. ती पद्धत त्याने स्वतः सुरू केली. मला फोन करून विचारलं नाही, हे बरंच झालं.