पाळी सुटल्यावरची तालीम

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगावयाचा म्हटला की आपण ५ नोव्हेंबर १८४३ या दिवसापासून आरंभ करतो. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, ते वर्ष आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले, मंडळ्या निघाल्या, नटांच्या बिदाग्या ठरल्या, तिकिटे विकली गेली. हा इतिहास खरा आहे व थोर आहे. परंतु तो मुख्यतः राजाश्रयाचा आणि गल्ल्याचा इतिहास आहे. ज्यांनी दिवसभर दुसरेच काही काम केले आणि रात्री नाटक बसविले, त्यांची नोंद त्यात कोठेतरी तळटीपेत सापडते, पुष्कळदा तेथेही सापडत नाही.

या दुसऱ्या इतिहासाचा आरंभ कोठून धरावा? मी तो १८५५ पासून धरतो. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. त्यात एक गरोदर कुणबीण आहे, तिचा नवरा आहे, ग्रहदशेची भीती घालणारा जोशी आहे, मधूनमधून शेरे मारणारा विदूषक आहे. शेवटी नवराबायको जोतीराव व सावित्रीबाई यांच्या शाळेत शिकावयास जाण्याचे ठरवितात. कमिटीने नाटक नाकारले, हे खुद्द फुल्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ते छापून निघाले १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात. १२४ वर्षे! माझ्यासारख्या शाळा अर्धी सोडलेल्या माणसाने हा आकडा प्रथम वाचला तेव्हा कागदावर पुन्हा वजाबाकी करून पाहिली.

आपल्याकडे 'हौशी रंगभूमी' असा शब्द आहे. 'हौस' हा शब्द मला थोडा खटकतो. हौस म्हणजे पोट भरल्यावर उरलेल्या वेळात करावयाची गोष्ट, असा त्यास वास येतो. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आलेले कामगार पाळी सुटल्यावर नाटक करीत, त्यांचे पोट भरलेले नव्हते. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळ येथील दामोदर नाट्यगृह १९२२ साली उघडले, आणि तेथे कित्येक पिढ्यांच्या कामगारांनी तोंडाला रंग लावला. मामा वरेरकरांनी १९३२ च्या 'सोन्याचा कळस' या नाटकात गिरणी कामगारांचा प्रश्न मांडला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांच्या प्रयोगाला पडदा नसला तरी चाले, मैदान भरलेले असे. १९५४ पासून सरकारच्या राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि लहान गावांतील मंडळ्यांनाही थिएटर, प्रकाशयोजना, परीक्षक ही नावे परिचयाची झाली.

कामगारांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट १९५३ साली घडली होती. त्या वर्षी मुंबई राज्यात कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. कामगारांची नाटके, त्यांच्या स्पर्धा, त्यांची केंद्रे ज्या कल्याण मंडळामुळे चालली, त्याचा पाया हा कायदा. आता या निधीत पैसा कोठून यावयाचा, हे कायद्याच्या तिसऱ्या कलमात सांगितले आहे, आणि ते कलम वाचून मला हसू आवरले नाही. कामगारांकडून वसूल केलेले दंड, आणि कोणी नेला नाही म्हणून पडून राहिलेला पगार, या दोन्ही रकमा या निधीत जमा व्हावयाच्या! म्हणजे उशिरा आलेल्या कोणा साचेवाल्याच्या दंडाच्या पैशातून आमच्या रंगमंचावर दिवा लागला, असे म्हणावयास हरकत नाही. युनियनच्या सभेत मी हे सांगितले तेव्हा मागून एकजण ओरडला, "मंग माहं नाव पडद्यावर लिवा, माह्याच दंड जास्त हाये!"

आमच्या वर्धा जिल्ह्याला गिरण्यांचा इतिहास आहे, हे नागपूर-मुंबईच्या लोकांना सांगावे लागते. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला आले, त्याआधीपासून हिंगणघाट व पुलगाव येथे गिरण्यांचे भोंगे वाजत होते. हिंगणघाटचा कापूस तर लिव्हरपूलच्या बाजारात त्याच नावाने ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांच्याभोवती जिनिंग, प्रेसिंग, खानावळी, गणेशोत्सव आणि अर्थात नाटके उभी राहिली. मी ज्या गिरणीत १९८९ साली बदली कामगार म्हणून लागलो, तिचे नाव येथे घेत नाही. गावाचे नाव घेतले तर गिरणीचे घेतल्यासारखे होईल, म्हणून तेही नको.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी गाझियाबादजवळ झंडापूर येथे कामगार वस्तीत 'हल्ला बोल' या पथनाट्याचा प्रयोग चालू असता हल्ला झाला. राम बहादूर नावाचा कामगार त्यात मारला गेला व दुसऱ्या दिवशी नाटककार-दिग्दर्शक सफदर हाश्मी यांचे निधन झाले. ४ जानेवारीस त्यांच्या पत्नी मलयश्री आणि सहकारी यांनी त्याच जागी जाऊन नाटक पूर्ण केले. ही बातमी आमच्या युनियनच्या खोलीत मोठ्याने वाचली गेली. याच मंडळींचे १९७८ चे 'मशीन' हे नाटक जेमतेम तेरा-चौदा मिनिटांचे. सायकली ठेवण्यास जागा आणि चहाची सोय एवढेच मागणाऱ्या कामगारांवर एका कारखान्यात गोळ्या झाडल्या गेल्या, त्या घटनेवरून ते रचलेले. सायकली ठेवण्यास जागा आम्हालाही नव्हती. तेव्हा आम्हीही नाटक करावयाचे ठरविले आणि ते बसविण्याचे काम माझ्याकडे आले. मला नाटक कळत होते म्हणून नव्हे, तर सर्वांच्या पाळ्या मला तोंडपाठ होत्या म्हणून.

जुन्या मंडळ्यांत तालीम मास्तर असे. गोविंद बल्लाळ देवलांसारखा मास्तर एकेका वाक्यावर नटाला घोटून घेई. परंतु त्या मास्तराच्या मागे मंडळी उभी असे. नटाला पगार होता आणि पगार थांबविताही येई. मित्रांचे नाटक बसविणाऱ्याजवळ काय असते? तो ज्याला "पुन्हा म्हण" म्हणून सांगतो, त्याच्याच घरचा डबा त्याने दुपारी खाल्लेला असतो. युनियनचे कामही मला असेच वाटत आले आहे. कोणाला कामावरून काढण्याचा अधिकार नाही, समजाविण्याचा मात्र आहे, आणि माणूस ऐकून न घेता उठून गेला तर उद्या पुन्हा त्याच्याच दाराशी जावयाचे. एकदा रिंगखात्यातील एक मित्र भर तालमीत म्हणाला, "तू युनियनमंदी बी बोलतं अन् येथी बी तूच बोलतं. आमी कवा बोलाचं गा?" त्यानंतर आमच्यात असा रिवाज पडला की प्रसंग प्रथम नटांनी आपल्या मनाने करून दाखवावयाचा आणि मी शेवटी बोलावयाचे.

तीन पाळ्यांमुळे सबंध संच एका वेळी कधी जमला नाही. रात्री बाराला दुसरी पाळी सुटे, तेव्हा तिसरीची माणसे आत गेलेली असत. गिरणीत जसा बदली कामगार, तशी आमच्या तालमीत बदली नटांची पद्धत पडली. जो हजर असेल त्याने गैरहजर माणसाचे काम म्हणावयाचे. याचा एक लाभ झाला. प्रत्येकाला दुसऱ्याची भूमिका आतून कळू लागली.

१९९४ साली आम्ही संपावरचे एक नाटक केले. ते कोणा एकाने लिहिले नव्हते, तालमीत बोलत बोलत रचले गेले. त्यात संपाच्या बाराव्या दिवशी मागील दाराने कामावर जाणारा एक फितूर होता. भूमिका सभेत ठरत. फितुराचे काम आमच्या एका मितभाषी, सरळ मित्राला मिळाले आणि त्याने ते फार चांगले केले. इतके चांगले, की गणेशोत्सवातील प्रयोगानंतर चहाच्या टपरीवर लोक त्याच्या बाकावर बसेनात. त्याच्या बायकोला नळावर बोलणी ऐकावी लागली. हा माणूस प्रत्यक्ष संपात एक दिवसही कामावर गेलेला नव्हता. घरात आजारी आई असताना त्याने पगार सोडला होता.

पुढील प्रयोगासाठी ती भूमिका मी युनियनच्या खजिनदाराला करावयास लावली. सगळ्या गिरणीचा ज्याच्यावर विश्वास, असा हा माणूस. पुष्कळांनी विरोध केला. युनियनची बदनामी होईल, असेही एका जबाबदार गृहस्थाने ऐकविले. प्रयोग झाला. खजिनदार रंगमंचावरून मागील दाराकडे निघाला, तेव्हा प्रेक्षकांतून पहिल्या खेपेसारखी शिवी आली नाही. सगळे मैदान गप्प झाले. आपला माणूस का चालला आहे, हे लोक पाहू लागले. त्याच्या घरातील रिकाम्या डब्याचा प्रसंग पहिल्या प्रयोगातही होता, परंतु तेव्हा तो कोणाच्या लक्षातच राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी टपरीवर पहिल्या मित्रासाठी बाकावर जागा झाली. हे केवळ नाटकाने झाले असे मी म्हणत नाही. बाकावर सरकून जागा करणारा खजिनदारच होता.

भाषेचा प्रश्न तर आम्हाला नेहमीच नडला. हे मित्र घरी "काहून", "करून राहिलो" असे बोलत, पण रंगमंचावर पाऊल ठेवले की पुण्याचे मराठी बोलू पाहत आणि त्यांचे हातपाय ताठ होत. मी सांगितले, घरच्यासारखे बोला. एका स्पर्धेत परीक्षकाने शेरा दिला की, "भाषा अशुद्ध, अभिनय सहज." हा अभिनय त्या भाषेमुळेच सहज झाला होता, हे त्या विद्वानाला कोणी सांगावे! आमच्या पूर्वेस झाडीपट्टीत, वडशाच्या आसपास, सुगीनंतर रात्र रात्र नाटके चालतात आणि शेतकरी तिकीट काढून ती पाहतात. तेथे हा शेरा कोणी दिला असता तर लोकांनी त्यालाच उठवून तिकिटाचे पैसे परत दिले असते. त्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला त्या शेऱ्याची आठवण झाली.

स्त्री-भूमिकांसाठी बायका मिळत नसत. १९३३ साली नाट्यमन्वंतराने 'आंधळ्यांची शाळा' मध्ये स्त्रियांची कामे स्त्रियांनाच दिली. ही गोष्ट आमच्या वस्तीत साठ वर्षांनीही नवीच होती. शेवटी जिनिंगमध्ये कापूस वेचण्याचे काम करणाऱ्या एक मावशी तयार झाल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे त्यांना सगळे नाटक ऐकून पाठ करावे लागले, आणि सगळे म्हणजे सगळ्यांचे. प्रयोगात कोणी अडखळला की मावशी पदर तोंडावर धरून त्याचे वाक्य हळूच सांगत. प्रॉम्प्टरची गरजच उरली नाही. परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी संहिता पाठवावी लागे. त्यासाठीही मावशींना समोर बसवूनच आम्ही ती उतरवून घेतली.

या शतकाच्या आरंभी गिरणी बंद पडली. देणी कशी बुडाली, कोणाची किती वर्षे कोर्टात गेली, तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. संच पांगला. एक नागपुरास वॉचमन झाला, एक ऑटो चालवू लागला, खजिनदाराने पानठेला टाकला. रिंगखात्यातील मित्र छातीच्या दुखण्याने गेला. युनियनची खोली सोडावी लागली, तेव्हा कपाटाबरोबर संहिताही गेली. मंजुरीसाठी पाठविलेल्या प्रतीचा मी पुष्कळ शोध केला, ती मिळाली नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी आणि खजिनदार मावशींकडे गेलो. त्या सत्तरीच्या पुढे होत्या, डोळ्यांना कमी दिसत होते. दोन दुपारी बसून त्यांनी संपूर्ण नाटक सांगितले आणि आम्ही दोघांनी ते वहीत उतरविले. प्रत्येकाचे वाक्य त्या त्याच्याच आवाजात म्हणत. रिंगखात्यातील मित्राच्या एका लांब वाक्याशी त्या मध्येच थांबल्या, खोकल्या, आणि पुढे म्हणू लागल्या. पाणी देऊ का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "मले नाही बावा. तो येथी खोकत होता." तो खोकला कसा लिहावा हे आम्हाला सुचेना. खजिनदाराने कंसात 'थांबतो' असे लिहिले आणि मावशींना पुढचे वाक्य विचारले.