रिंगांची निवड : एका जुन्या इंजिनाच्या निमित्ताने

धाराशिवला माझ्या दारात एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिचे इंजिन मी दोनदा उघडले. पहिल्या वेळी क्रोमच्या रिंगांचा हट्ट माझा होता. मिस्त्री म्हणाले, "बोअर लंबगोल झालाय, आधी रिबोअर करू." मी ऐकले नाही. कठीण ते टिकाऊ, असा माझा समज. गाडी महिनोन्महिने निळा धूर सोडत राहिली आणि ऑइल खात राहिली. मग मी रिंगांचा इतिहास शोधू लागलो.

वाफेच्या इंजिनात पिस्टनभोवती पूर्वी चरबीत भिजवलेला दोर गुंडाळत. तो लवकर जळे, झिजे. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे-अभियंत्याने एका ठिकाणी चिरलेली, स्वतःच्या ताणाने सिलिंडरला टेकणारी धातूची रिंग वापरात आणली. आजची रिंग तीच. पुढे ती बिडाची झाली (बीड म्हणजे ओतीव लोखंड, शेजारच्या जिल्ह्याशी संबंध नाही). बिडातले ग्रॅफाइट घर्षण कमी करते आणि नवी रिंग भिंतीशी घासून लवकर 'बसते'. क्रोमचा मुलामा धुळीला अधिक काळ तोंड देतो, पण झिजत नाही म्हणूनच वाकड्या भिंतीशी जुळवूनही घेत नाही. माझी चूक नेमकी इथे होती.

आपल्याकडे मात्र निवडीचा प्रश्न फार काळ नव्हताच. मिळेल ती रिंग घालायची. १९४८ पर्यंत हा जिल्हा निझामाच्या राज्यात, तर जवळची मोठी बाजारपेठ सोलापूर ब्रिटिश मुलखात. मध्ये करोडगिरीचे नाके. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. पण इथेच सुटे भाग बनवण्याची अट सरकारने घातल्यावर १९५४ च्या सुमारास ती कंपनी निघून गेली, फोर्डही गेली. रस्त्यावरच्या शेव्हरले-फोर्ड मागे राहिल्या. मद्रासची इंडिया पिस्टन्स १९४९ ची, गोएत्झे इंडिया १९५४ ची. माझ्या मते कोणती जुनी गाडी जगली आणि कोणती भंगारात गेली, याचा निकाल पुष्कळदा गाडीच्या गुणांनी नव्हे, तर तिच्या मापाची रिंग देशात बनते की नाही यावर लागला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियरची पद्मिनी या हिशेबात नशीबवान. तिचे ६८ मिलिमीटर बोअरचे, १०८९ सीसीचे इंजिन इथेच घडत होते.

दुसऱ्या वेळी रिबोअर झाला. वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, ओव्हरसाइज पिस्टन आले. भिंतींवर होनिंगच्या तिरप्या जाळीदार रेषा उमटल्या. ऑइल त्यांतच धरून राहते. या वेळी साध्या बिडाच्या रिंगा घेतल्या. वर्षाकाठी काहीशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला लाखभर किलोमीटरचे आयुष्य काय करायचे? धुळीची काळजी एअर फिल्टरने घ्यावी.

उरली फट. बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ हा सर्वसाधारण ठोकताळा, म्हणजे इथे आठ ते अकरा. फट कमी राहिली तर तापल्यावर टोके भिडतात, रिंग मोडते आणि भिंत ओरखडते. मिस्त्रींनी प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सोडली, उलट्या पिस्टनने सरळ ढकलली आणि फीलर गेज घातला. एकीत सहाच थाऊ निघाले. त्यांनी बारीक कानस मागितली. त्या दुपारी इतिहासाचा एकही प्रश्न मी विचारला नाही. कंदील धरून उभा राहिलो.